वेदीवरची फुले आणि चर्चमागचा ढीग : 17 आठवड्यांची नोंद

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) खताचा हा पहिला मोठा ढीग. घरी बादलीत खत करत आलोय, पण चर्चच्या फुलांचा आवाका वेगळाच. ईस्टरला वेदी फुलांनी भरते आणि पुढच्या रविवारी तीच फुले प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून कचऱ्याच्या गाडीत जातात. ते बघवत नव्हते, म्हणून युवक संघातले पाच जण आणि मी कामाला लागलो.

27 एप्रिल 2025. जाळीचे चार फुटी कडे विटांवर उभे केले. तळाला नारळाची सोडणे, मग एक घमेले फुले, तीन घमेली सुका पाला, वर शेणकाला. असे थरावर थर. पाला आंबा-बदामाचा, आवारातलाच. पोप फ्रान्सिस ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, 21 एप्रिलला गेले. श्रद्धांजलीच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, फुलेही याच ढिगात आली. 2015 च्या ‘लाउदातो सी’ या पर्यावरणावरच्या परिपत्रकात त्यांनी कचरा वेगळा करणे, लागेल तेवढेच शिजवणे, नको असलेले दिवे मालवणे अशी अगदी घरगुती कामे सांगितली आहेत. ते परिपत्रक आम्ही प्रवचनांतून पुष्कळदा ऐकले होते. ती पांढरी फुले घमेल्यात ओतताना ते पहिल्यांदा हाताला लागले.

3 मे. ढिगाच्या पोटातले तापमान 61 अंश. सकाळी पाला बाजूला केला की वाफ निघते. माझ्याआधी मुलेच थर्मामीटर घेऊन धावतात.

18 मे. पहिली पलटी, म्हणजे ढीग खालीवर केला, आणि पोटात गोळा आला. फावड्याला हिरवा भुगा चिकटला. शेवाळ वाटले. बोटांत चोळला तर वाळूसारखा करकरला, ना ओला ना कुजका. पुष्परचनेत काड्या खोचायला वापरतात तो ओॲसिसचा ठोकळा! फुलांबरोबर तोही ढिगात गेला होता. तो प्लास्टिकचाच फेस. कुजत नाही, नुसता बारीक होत जातो. चाळणीतूनही सुटेना. शेवटी तेवढा भाग, तीन टब, वेगळा काढून सुक्या कचऱ्यात दिला. ते खत कुणाच्या भाजीत जाऊ द्यायला मन धजेना. तारा, चमकीच्या रिबिनी, पॉलिस्टरचे दोरे निघाले ते वेगळेच. चूक आमचीच, फुले घेताना कोणी पाहिलेच नव्हते.

त्याच संध्याकाळी वेदी सजवणाऱ्या मावशींना तो भुगा नेऊन दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “वाडीत केळ कापली की तिचा खांब आणून दे मला. त्यातच काड्या खोचीन.” घड उतरवल्यावर केळीचा खांब नाहीतरी कापायचाच असतो. त्याचे वीतभर उंचीचे तुकडे करून परातीत उभे ठेवले. अंगात पाणी असल्याने शनिवारी खोचलेले गुलाब रविवारी संध्याकाळच्या मिस्सेलाही ताजे होते. जरबेराची मऊ काडी मात्र मोडते. आधी खिळ्याने भोक पाडावे लागते. उतरवलेला खांब कोयत्याने बारीक करून ढिगात टाकायचा. खत करणाऱ्या प्रत्येकाने आधी फुले सजवणाऱ्यांशी बोलावे असे माझे ठाम मत झाले आहे. ढीग चांगला की वाईट हे वेदीपाशीच ठरते.

26 मे. यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि आमची ताडपत्री अजून दुकानात. चार दिवसांत सडक्या अंड्यांचा वास. सगळा ढीग उपसला, सुक्या झावळ्या तोडून मिसळल्या, मधोमध भोके पाडलेला पाइप उभा केला आणि वर उतरती ताडपत्री बांधली. आठवड्याभरात वास गेला. मूठभर घेऊन दाबले की बोटांतून पाणी गळू नये, नुसता ओलावा लागावा. पावसाळ्यात ही परीक्षा मी रोज घेतो.

जून-जुलैत लिहिण्यासारखे थोडेच. दर पंधरा दिवसांनी पलटी. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या झाल्या तेव्हा काही जण घाबरले. त्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात, म्हणून राहू दिल्या. 25 जुलैला धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना जाऊन वर्ष झाले. वसईची हिरवाई वाचवण्याच्या ‘हरित वसई’ चळवळीसाठी ते रस्त्यावर उतरले, त्या काळात मी शाळकरी होतो. त्या दिवशीची पलटी त्यांची आठवण काढत केली.

24 ऑगस्ट. चाळले. 38 किलो, काळेभोर, पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास. निम्मे चर्चच्या आवारातल्या सोनचाफ्यांना. उरलेले अर्ध्या-अर्ध्या किलोच्या कापडी पिशव्यांतून 8 सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्मदिनी, घराघरांत दिले. पिशव्या महिला मंडळाने जुन्या पडद्यांच्या शिवल्या.

दुसरे कडे भरायला घेतले आहे. फुले आता तीन टोपल्यांत येतात: पाकळ्या, काड्या, आणि ‘ढिगात नको’. तिसरी टोपली अजून रिकामी राहत नाही, हारांच्या पॉलिस्टर दोऱ्यामुळे. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात हार ओवणारे कोणी तुमच्या ओळखीत असतील तर जरूर कळवा. आज सकाळचे तापमान 57.