क्युसेक

१४ जून

तारीख ठरली. ऑगस्टचा तिसरा आठवडा, मंगळवार ते शुक्रवार. चार दिवस, तीन रात्री, विस्कॉन्सिन नदीवर. दोन कनू (वल्ह्यांच्या अरुंद नावा) आणि आम्ही चौघं: मी, नवरा, लेक आणि नवऱ्याचा एक सहकारी. तो याच खोऱ्यात वाढलाय आणि या नदीचं प्रत्येक वळण त्याला पाठ आहे. शनिवार-रविवार मुद्दाम टाळले, कारण उन्हाळ्यात त्या दोन दिवसांत वाळूवर तंबूला जागा मिळत नाही म्हणे.

अमेरिकेत मॅडिसनला येऊन अकरा वर्षं झाली. नदी पाऊण तासावर, आणि मी ती फक्त पुलावरून पाहिली आहे. वरच्या अंगाला हिच्यावर दोन डझनांहून जास्त धरणं आहेत. शेवटचं धरण प्रेअरी डू सॅकचं. तिथून खाली मिसिसिपीला मिळेपर्यंत ९२ मैल एकही बांध नाही. हा सगळा पट्टा राज्याने १९८९ मध्ये राखीव केला, त्यामुळे काठावर बंगले नाहीत. टेकड्या, झाडी आणि वाळू. आम्ही त्यातला मधला तुकडा घेतोय, स्प्रिंग ग्रीन ते बॉस्कोबेल, चाळीस मैलांच्या आतबाहेर. वाहत्या पाण्यात एवढं जमेल.

झोपायचं नदीच्या मधोमध, वाळूच्या बेटावर. सरकारी मालकीच्या बेटांवर परवाना लागत नाही, एका जागी तीन दिवसांपर्यंत राहता येतं. हे वाचल्यावर मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

२ जुलै

बाबांना सांगितलं. रात्रीचे आठ म्हणजे सांगलीत सकाळचे साडेसहा. ते घाटावर एक चक्कर मारून आलेले असतात. त्यांचा पहिला प्रश्न, "मगरी आहेत का?" भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत, तिथे राहणाऱ्या नातेवाइकांमुळे हा प्रश्न त्यांना आधी सुचणं साहजिक आहे. म्हटलं, नाहीत, कासवं आहेत, तीही वाळूत अंडी घालतात. मग दुसरा प्रश्न, "वर धरण आहे ना? मग विसर्ग किती?"

मी थबकले. कारण इथेही नदी त्याच मापात मोजतात. सेकंदाला किती घनफूट, म्हणजे आपलं क्युसेकच. धरणातून किती सोडलंय आणि खाली मस्कोडा गावाला पाणी किती आहे (लिहितात मस्कोडा, म्हणतात मस्कोडे), हे आकडे दिवसभर इंटरनेटवर दिसतात. जाणकार सांगतात की दहा हजारांच्या खाली असेल तर वाळू भरपूर उघडी, पंधरा हजारांच्या वर गेलं की बेटं पाण्याखाली.

बाबा म्हणाले, "दहा हजार म्हणजे काहीच नाही." त्यांच्या लेखी खरंच काही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोयनेतून लाखाच्या वर क्युसेक सुटत होतं.

१९ जुलै

रविवारचा अख्खा दिवस नकाशात गेला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून लेकीने मुक्कामांवर पेन्सिलीने गोल केले. पहिला लोन रॉकच्या खाली, दुसरा मस्कोडाच्या अलीकडे, तिसरा ब्लू रिव्हरच्या पुढे. सहकाऱ्याने बघून शांतपणे सांगितलं की या खुणा पक्क्या धरू नका. वाळू दरवर्षी सरकते. गेल्या वर्षीचं बेट या वर्षी प्रवाहात असतं, आणि जिथे पाणी होतं तिथे विलो उगवलेला असतो. मुक्काम दुपारी चारनंतर डोळ्यांनी बघून ठरवायचा. वरच्या टोकाला, जमेल तितक्या उंचावर.

याच नदीने १६७३ मध्ये मार्केट आणि जोलिए हे दोन फ्रेंच, पाच साथीदारांसह, दोन कनूंतून मिसिसिपीपर्यंत गेले. १७ जूनला ते संगमावर पोचले. लेकीला म्हटलं, रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तिच्या शाळेतला इतिहास आणि माझ्या शाळेतला इतिहास पहिल्यांदाच एका ओळीत आले. मार्केटने तेव्हाच लिहून ठेवलंय की नदी रुंद आहे, तळ वाळूचा आहे आणि उथळ जागांमुळे नाव हाकणं अवघड जातं.

पण नदीवर आलेले ते पहिले नव्हेत. हो-चंक लोकांची ही नदी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. आणि १८३२ च्या जुलैमध्ये, आम्ही निघणार त्याच्या वरच्या अंगाला, सॉक लोकांचा नेता ब्लॅक हॉक याच्या माणसांनी सैन्य पाठीवर घेऊन ही नदी ओलांडली. काही बायका, मुलं, म्हातारी माणसं तराफ्यावरून खाली सोडली, वाचतील या आशेने. मुखापाशी सैनिक थांबलेले होते. हे वाचल्यावर लेकीने पेन्सिल खाली ठेवली. मीही तिला पुढे काही बोलायला लावलं नाही.

८ ऑगस्ट

ही तारीख आली की पोटात कालवतं. २०१९ ला याच दिवशी, कृष्णेच्या महापुरात, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. आमचं घर सांगलीच्या गावभागात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आई-बाबा माडीवर, फोन बंद, आणि मी इथे मॅडिसनमध्ये दर तासाला कोयनेचा आकडा बघत होते. दोन दिवसांनी बोटीने त्यांना काढलं. तेव्हापासून नाव म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर माडीच्या कठड्याला लागलेली नाव येते.

मी पोहायला शिकले ती विष्णू घाटावर, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. नदी म्हणजे सुट्टी होती. लेकीच्या वाट्याला मात्र नदी आली ती माझ्या फोनवरचा आकडा म्हणून. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मी रडताना तिने बघितलंय. मला तिला नदीवर झोपवायचंय. एवढ्यासाठीच ही सहल आहे, हे आज नवऱ्याला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं.

लाइफजॅकेट आणली. नुसती कनूत ठेवायला नाही, पाण्यात पाय टाकतानाही अंगावर. या नदीत धोका खोलीचा वाटत नाही, म्हणूनच तो जास्त आहे. गुडघाभर पाण्यात चालत असताना वाळूचा कडा एकदम संपतो आणि पुढचं पाऊल डोक्यावरच्या पाण्यात पडतं. त्यात पाणी चहाच्या रंगाचं. वरच्या जंगलांतून आणि दलदलीतून झाडपाल्याचा अर्क उतरतो त्यामुळे. घाण नाही, पण तळ दिसत नाही. बेटाच्या खालच्या टोकाला तर उतरायचंच नाही, हे लेकीकडून तीनदा वदवून घेतलं.

१४ ऑगस्ट

नदीवर काच न्यायला बंदी आहे. फुटली तर वाळूत कोणाच्या पायात जाईल सांगता येत नाही. मला हा नियम फार आवडला. लोणचं बरणीतून प्लॅस्टिकच्या डब्यात काढलं, तूपही. बाकी भडंग, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, मुगाची खिचडी. सहकारी सॉसेज आणतोय, पण त्याने भाजणी आधीच चाखली आहे आणि दोन वेळची मागून घेतली आहे. प्यायचं पाणी माणशी रोज चार लिटर, तेच सगळ्यांत जड सामान. कचरा आणि शौचाची पिशवीसुद्धा परत आणायची. वाळूत पुरून यायचं नाही.

कपडे, पांघरुणं, आगपेटी जलरोधक पिशव्यांत. पिशव्या कनूला बांधलेल्या, आणि रात्री कनू वाळूवर पूर्ण ओढून झाडाला बांधलेली.

१७ ऑगस्ट

गेल्या आठवड्यात उत्तरेला वॉसॉच्या बाजूला जोरात पाऊस झाला. मस्कोडाचा आकडा नऊ हजारांवर चढला तेव्हा मी निघणं रद्द करायच्या बेतात होते. सहकारी म्हणाला, थांबू, उतरेल. रोज बघितलं. साडेआठ, सात, आज संध्याकाळी सहा हजार दोनशे. पुढचे पाच दिवस पाऊस नाही. पहाटे धुकं असेल.

आता बाबांचा फोन झाला. "आयर्विन २६ फूट," म्हणाले. मी म्हटलं, "मस्कोडा सहा हजार दोनशे, उतरतंय." मग त्यांनी विचारलं, "रात्री कळणार कसं, पाणी चढतंय का?" आम्ही लहान असताना ते घाटाच्या पाण्यालगतच्या पायरीवर खडा ठेवायचे आणि झोपायच्या आधी जाऊन बघून यायचे. म्हटलं, इथे पाण्याच्या कडेला काठी रोवतात.

"घेतलीस का काठी?"

गॅरेजमधून जुन्या झाडूचा दांडा आणला. लेकीने त्यावर मार्करने इंचाइंचाच्या रेघा मारल्या आहेत, आणि वरून चार बोटं सोडून एक लाल. रात्री दोनचा गजर तिने स्वतःच्या घड्याळात लावलाय. मला उठवू नकोस, म्हणाली, मी बघेन.