एवढ्यात नवीन आलं असतं

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरात पार्किंगमधूनच आत यावं लागतं. त्यामुळे पाहुण्याला आधी मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारं) दिसतं आणि मग मी. प्रश्नही ठरलेले. पहिला, "मिस्टरांचं का?" याचं उत्तर "नाही". (मिस्टर बँकेत होते. त्यांना फ्यूजची तार बदलता येत नाही, हे मी त्यांना विचारून लिहितेय.) दुसरा प्रश्न, "जुन्यावर एवढा खर्च केलात, एवढ्यात नवीन आलं नसतं का?" तुम्हीही परवा विचारलंत आणि तेवढ्यात चहा आला, म्हणून राहिलं. आता सांगते.

आलं असतं. अगदी तेवढ्यात नाही, पण अजून लाखभर घातले असते तर नवंकोरं मशीन दारात उतरलं असतं. मशीनला एक लाख तीस हजार मोजले आणि वर जवळजवळ तेवढेच घातले. माझ्या अकरा महिन्यांचे रविवार धरलेच नाहीत, कारण त्यांना कोणी भाव देत नाही.

मग जुनंच का, तर त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मी भोसरीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं डिझाइनला होते. जिग आणि फिक्श्चर, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) नेमक्या जागी धरून ठेवणारी साधनं, आधी ड्रॉइंग बोर्डवर, नंतर कॉम्प्युटरवर. दोन भोकांमधलं अंतर लिहायचं आणि पुढे अधिक-उणे 0.02. मिलिमीटरमध्ये, म्हणजे वीस मायक्रॉन. लिहायला काही वेळ लागत नाही. खाली टूलरूममध्ये मिलिंगवर एक मामा होते. महिन्यातून दोन-तीनदा डेव्हिएशनचा कागद, म्हणजे माप चुकलेला जॉब चालवून घ्यायची परवानगी, घेऊन जिना चढून वर यायचे. "मॅडम, पस्तीस गेलंय. चालेल का?" मी बहुतेक वेळा नाही म्हणायचे. मामा कागदाची घडी घालून खिशात ठेवायचे आणि खाली जायचे. वीस आणि पस्तीस यांच्यामध्ये खाली नेमकं काय घडतं, हे मी एकतीस वर्षांत एकदाही जाऊन बघितलं नाही. निवृत्त झाल्यावर तेच डोक्यात राहिलं. नवं मशीन घेतलं असतं तर त्याने निमूटपणे माप दिलं असतं आणि मला काहीच कळलं नसतं.

माझं मशीन म्हणजे बाजारात ज्याला एम वन टी आर म्हणतात ते. ही घडण मूळची अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टची, 1938 पासूनची. उभा खांब, त्यावर मागेपुढे सरकणारा रॅम, रॅमच्या टोकाला डावी-उजवीकडे झुकवता येणारं हेड. पुढे जगभर तिच्या नकला झाल्या, आपल्याकडे लुधियाना-बटाल्याकडेही. माझं कोणी बनवलं ते सांगता येत नाही, कारण पाटीच्या जागी फक्त चार भोकं उरलीत.

भोसरीत एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये ते दिसलं. हिरवा रंग इतका ताजा, की बोट चिकटलं. टेबल सरकवून खालची बेडची पट्टी बघितली, तर तिच्यावर अर्धचंद्रासारखे स्क्रेपिंगचे (पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट करण्याचे) ठसे चमकत होते. माझ्या पुस्तकी ज्ञानाप्रमाणे ठसे शाबूत म्हणजे बेड झिजलेला नाही. मी खूष झाले आणि घासाघीसही जेमतेमच केली.

गुरुवारी आणलं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, रस्ते मोकळे, हायड्रा क्रेनही रिकामी मिळते. एक टनाचं धूड आणि सगळं वजन डोक्यात, त्यामुळे आधी रॅम मागे घ्यायचा, हेड उलटं खाली फिरवायचं, नी (टेबलाला खालून पेलणारा, वरखाली होणारा भाग) तळाला न्यायची आणि मगच पट्टा बांधायचा. हायड्रावाल्याला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पार्किंगच्या शहाबादी फरशा फोडून काँक्रीट ओतून ठेवलं होतं. शेजारच्या आजींना वाटलं लिफ्टच येतेय.

मग उघडायला घेतलं. टेबल, त्याखालचं सॅडल, गिब (सरकत्या भागांमधली फट भरणारी पट्टी), टेबल सरकवणारा स्क्रू, एकेक सुटा करून डिझेलमध्ये धुवायचा. तेलाच्या नळ्या उघडल्या, तर आत मेणबत्तीसारखं घट्ट पिवळं काहीतरी. तेलाच्या निपलवर कोणीतरी वर्षानुवर्षं ग्रीसगन लावली होती. ग्रीस नळीत थिजलं आणि त्यामागून तेल पोचलंच नाही. बेडची निम्मी झीज ही त्या ग्रीसगनची कमाई. नळ्या सगळ्या नव्या टाकल्या, आता हातपंपाने 68 ग्रेडचं स्लाइडवे ऑइल जातं. या मशीनला एवढंच करून थांबला असतात तरी ते सुधारलं असतं.

स्क्रेपिंग माझ्या आवाक्यातलं नव्हतं. चिंचवडचे एक निवृत्त फिटरकाका येत. त्यांनी पहिल्या दिवशी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. बेडच्या पट्टीवर अंगठ्याचं नख आडवं ओढलं, मग चष्मा कपाळावर सरकवून डोळा अगदी पट्टीजवळ नेला.

"ताई, हे खोटं आहे."

"काय?"

"हे ठसे. स्क्रेपरने पडलेले नाहीत, ग्राइंडरने मारलेत. बघा, टोकाला पण तसेच, मध्ये पण तसेच. आणि नखाला खड्डा लागतो."

खरंच लागत होता. खरे ठसे केसाच्या जाडीहून उथळ असतात, तेल धरून ठेवण्यापुरते. काकांनी स्ट्रेट एजला (अगदी सरळ कडेची पट्टी) मार्किंग ब्लू, म्हणजे निळा रंग, अगदी पातळ चोपडला, बेडवर ठेवून दोनदा हलकेच मागेपुढे केला आणि उचलला. दोन्ही टोकांना निळे ठिपके दाट बसले होते. मधली वीतभर जागा कोरी. तिथे स्ट्रेट एज टेकलाच नव्हता.

इथे मला जे समजलं, तेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. मशीन सगळीकडे सारखं झिजत नाही. व्हाइस, म्हणजे जॉब पकडायचा शिकंजा, टेबलाच्या मध्यावर बांधतात, जॉब मध्येच होतात, म्हणून बेडही मध्येच बसतो आणि टेबलाचा स्क्रूही मध्येच बारीक होतो. हँडल उलटं फिरवलं की टेबल हलायच्या आधी जो रिकामा प्ले जातो, तो माझ्या मशीनला टोकांना 0.2 मिलिमीटर होता आणि मध्यावर 0.7. आता नट आवळून मधला प्ले काढला, तर टोकाकडे जाताना स्क्रू जाम होतो. टोकाला सैल ठेवला, तर मध्ये टेबल खेळतं. नवा गनमेटलचा नट करून बसवला तरी हे दुखणं जात नाही, कारण झिजलाय तो स्क्रू.

मामांचं पस्तीस कुठून आलं होतं, ते मला त्या कोऱ्या वीतभर जागेत दिसलं. त्यांचं मशीनही असंच जुनं होतं. मधल्या पट्ट्यात वीस मायक्रॉन पकडायचे तर दरवेळी माप ओलांडून मागे जायचं, पुन्हा एकाच दिशेने यायचं, लॉक आवळायचं आणि आवळताना टेबल किती सरकतं तेही मनात धरायचं. कटर ज्या दिशेने कापत फिरतो त्याच दिशेने टेबल सरकवलंत, ज्याला डाउन मिलिंग म्हणतात, तर कटर टेबलाला त्या प्लेमधून पुढे खेचतो. फिनिश सुंदर येतं आणि जॉब जातो.

काकांनी दोन्ही टोकं उतरवत उतरवत मध्याशी जुळवत आणली. चार महिने, आठवड्यातून दोन दिवस. ब्लू, स्क्रेपर, पुसणं, परत ब्लू. इंचाच्या चौकोनात दहा-बारा ठिपके आल्यावर ते म्हणाले, "बास. यापुढे हौस." गिबही नव्याने बसवली. स्क्रू मात्र मी बदलला नाही. त्याच पैशात डीआरओ, म्हणजे टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारं डिजिटल रीडआउट, घेतला. त्याची काचपट्टी टेबल खरंच किती सरकलं तेवढंच मोजते, स्क्रूच्या थापा तिच्यापर्यंत पोचत नाहीत. काप घेताना प्ले आपल्यालाच सांभाळावा लागतो, तो डीआरओने जात नाही. तरी तुम्ही जुनं घेणार असाल तर पैसे आधी तेलाच्या नळ्यांत घाला, मग डीआरओमध्ये. रंग सगळ्यात शेवटी. माझा अजून झालेला नाही.

स्पिंडलला, म्हणजे कटर धरून फिरणाऱ्या दांड्याला, मी हात लावला नाही. आत डायल (बारीक हलणं दाखवणारं काट्याचं मापक) लावून फिरवला तर काटा एक घरही हलेना, तासभर चालवून कोमटच राहिला. चांगलं चाललेलं बेअरिंग उघडायचा मोह मोठा असतो. तो आवरला, हे या सगळ्यातलं माझं सर्वात शहाणं काम.

सर्वात मूर्ख काम विजेचं. मोटर थ्री फेज 415 व्होल्टची, स्टारमध्ये जोडलेली (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या आतल्या गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती). घरात सिंगल फेज. डब्यात सहाही वायरी बाहेर काढलेल्या होत्या म्हणून डेल्टा करता आली आणि 230 व्होल्टच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजमधून थ्री फेज देणारा, वेग बदलता येणारा ड्राइव्ह) मोटर छान फिरली. पण जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच दिसायला इतका देखणा, की मी तो व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये तसाच ठेवला. तिथे काही ठेवायचं नसतं, हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. मी एकतीस वर्षं माहितीपत्रकं वाचत आलेली बाई. मोटर चालू असताना स्विच फिरवला, फट् आवाज आला, अकरा हजार गेले. आता तोच स्विच फक्त व्हीएफडीला सूचना देतो.

हेड टेबलाशी काटकोनात आणायला एक संध्याकाळ गेली आणि मग पहिला खरा जॉब लावला. माझंच जुनं ड्रॉइंग काढलं, फिक्श्चरचा एक ब्लॉक, दोन भोकं, अधिक-उणे 0.02. शनिवारी सकाळी सुरू केलं ते रविवारी दुपारी संपलं. मोजलं. 0.035 गेलं होतं.

मामा आता आकुर्डीत असतात. ब्लॉक रुमालात गुंडाळून घेऊन गेले. त्यांनी तो उजेडात धरून फिरवला, भोकांच्या कडांवरून बोट नेलं, किती गेलंय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ब्लॉक टीपॉयवर ठेवला आणि आत जाऊन चष्मा आणि पेन घेऊन आले.

"कागद आणलाय का, मॅडम? डेव्हिएशनवर घेऊ. सही मी करतो."