वाळ्याची मेणबत्ती हिरवी का नको

नागपुरात एप्रिल लागला की कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात. पंप सुरू झाला, ताट्या भिजल्या की पाच मिनिटांत खोलीभर तो गार, मातकट वास पसरतो. यंदा उन्हाळ्यासाठी घरी मेणबत्त्या करायचं ठरवलं तेव्हा मला हाच वास हवा होता. दुकानात उन्हाळी म्हणून जे सुगंध दाखवले, टरबूज, अननस, नारळ, ते सगळे गोळीच्या कागदासारखे गोड निघाले. कैरीचीही तीच गत. कैरीचं देठ मोडल्यावर चिकाचा जो उग्र वास येतो, तो त्यात औषधालाही नव्हता.

शेवटी तीन वास पक्के केले: वाळा, मोगरा आणि गवती चहा. लिंबू मनात होतं, पण लिंबाचं तेल फार हलकं, गरम मेणातून बरंचसं उडूनच जातं. गवती चहाला तसाच तजेला आहे आणि तो जास्त टिकतो.

इथे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो आणि सोया मेण पन्नाशीच्या आसपास वितळतं. म्हणून उभ्या मेणबत्त्यांच्या वाटेला गेलेच नाही, सगळ्या काचेच्या ग्लासात ओतल्या. २०० ग्रॅम मेणाला १६ ग्रॅम सुगंधी तेल, म्हणजे ८ टक्के. वाळ्याचं अस्सल तेल मात्र महाग आणि मधासारखं दाट, त्याला ५ टक्क्यांवर थांबले आणि तेवढं भरपूर झालं. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर दुसरं पातेलं ठेवून मेण ८० अंशांपर्यंत नेलं, उतरवून तेल घातलं, दोन मिनिटं हलक्या हातानं ढवळलं आणि साठीला आल्यावर ओतलं.

खरा वेळ गेला तो रंगांत. आधी घरातला खाण्याचा रंग घातला. तो पाण्यात विरघळणारा, मेणात कसा मिसळणार? त्याचे ठिपके तळाशी जाऊन बसले. मग मेणासाठीचा, तेलात विरघळणारा रंग आणला. वितळलेल्या मेणात तो गडद दिसतो, पण सोया मेण थिजलं की दुधाळ होतं आणि रंग एकदम फिका पडतो. म्हणून पाकाची तार बघतात तसा प्रत्येक वेळी एक थेंब बशीत टाकून थिजू दिला, मगच पुढचा कण घातला. गवती चहाला आमच्या फाटकाजवळच्या बहाव्याचा पिवळा द्यायचा होता. चौथ्या थेंबाला तो सापडला.

वाळ्याला मी हिरवा रंग दिला होता. आई म्हणाली, "अगं, हे तर खसचं सरबत झालं. वाळा हिरवा कुठे असतो?" तिचं बरोबर होतं. सुगंध असतो मुळांत, आणि मुळं तर तांबूस-भुरी. पुढच्या खेपेला भुऱ्या रंगाचा जेमतेम एक कण घातला, तेव्हा कुठे वास आणि रंग एकमेकांचे वाटले.

मोगरा बिनरंगी, पांढराशुभ्र ठेवला होता. आठ दिवसांत तो पिवळट तपकिरी पडला. सुगंधी तेलात व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, असलं की असं होतं. वाईट वाटलं, पण आदल्या दिवशीचा गजरा सकाळी उशीशेजारी असाच तर दिसतो! म्हणून ती मेणबत्ती टाकवली नाही. पुढच्यांसाठी व्हॅनिलिन नसलेलं तेल मागून घेतलं.

पंख्याखाली यांची ज्योत फडफडते आणि काजळी धरते. त्यामुळे आम्ही रात्री गच्चीवर, वारा पडल्यावर त्या लावतो. वात पाऊण सेंटिमीटरच्या आत कापून. सोया मेणातला वास लोणच्यासारखा मुरावा लागतो, त्याला दोन आठवडे तरी द्यावेत. मोगऱ्याचे सहा नवे ग्लास सध्या फडताळात झाकून ठेवलेत. अजून नऊ दिवस आहेत.