जर्मनीत खोली मिळाली, पण आनमेल्डुंगची सही मिळेना

एक्सचेंजवर वर्षभर जर्मनीत शिकून नुकतीच पुण्याला परतले. पुढच्या बॅचच्या मुलींचे फोन येतात, आणि थंडीचे कपडे कुठून घेतले, जर्मन किती लागतं, मसाले किती न्यायचे हेच सगळ्या विचारतात. व्हिसा, विमा, विद्यापीठात नाव घालणं हे सगळं वेळेत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. माझा अख्खा ऑक्टोबर गेला तो एका पानाच्या फॉर्मपायी, आणि त्याबद्दल मला कुणीच आधी बजावलं नव्हतं.

तिथे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. ही आनमेल्डुंग. ती झाल्याशिवाय माझी बँक खातं उघडायला तयार नव्हती. खातं नाही म्हणून श्पेरकॉन्टोतले, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच सोडणाऱ्या गोठवलेल्या खात्यातले, पैसे सुटत नव्हते. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो त्यात भरले होते, महिन्याला 992 मिळायचे होते. पैसे माझेच, पण हात लावता येत नव्हता. टॅक्स नंबरसुद्धा नोंदणीनंतरच पोस्टाने येतो, आणि कॅम्पसवरच्या नोकरीला तो लागतो.

आणि आनमेल्डुंगसाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. त्यात असतं काय? घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, येणाऱ्याचं नाव, घर देणाऱ्याचं नाव, घरमालक वेगळा असेल तर त्याचं नाव, आणि खाली सही. बस.

विद्यार्थी वसतिगृहाची वेटिंग लिस्ट लांबलचक होती, म्हणून मी एका फ्लॅटमधली खोली पोटभाड्याने घेतली होती. मूळ भाडेकरू बाईंना डिपॉझिट दिलं, किल्ली घेतली, मग त्यांनी सांगितलं की राहा खुशाल, पण नोंदणी या पत्त्यावर नको. घरमालकाला कळलेलं त्यांना नको होतं. मेसेज केला की ‘बघते’ म्हणायच्या. पुन्हा केला की उत्तरच नाही.

मी भाडेकरार घेऊन काउंटरवर गेले. तिथल्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला, कराराची पानं उलटली आणि सगळा गठ्ठा तसाच माझ्याकडे सरकवला. करार चालत नाही, ते पत्रच हवं. मग पुढचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्या. वेबसाइटवरचं कॅलेंडर महिनाअखेरपर्यंत करडं, एकही तारीख दाबता येत नव्हती. मला त्या बाईंचा राग आला नाही, नियम त्यांनी केलेला नव्हता. राग आला तो याचा की पत्र मिळत नसेल तर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. कारण त्यावर उपाय आहे, आणि तो कायद्यातच लिहिलेला आहे.

तोवर फॉरेक्स कार्डवर दिवस काढले. एटीएममधून पैसे काढले की दर वेळी चार्ज. दुपारी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, पोटभर जेवायचं, रात्री ब्रेड. आई फोनवर रोज ‘पैसे पाठवू का’ विचारायची आणि मला रडू यायचं, कारण घरच्यांनी ते पैसे आधीच भरले होते.

उपाय सापडला विद्यार्थी संघटनेच्या, म्हणजे आस्टाच्या मोफत कायदा सल्ल्यात. तिथल्या वकिलांनी नोंदणी कायद्याचं, बुंडेसमेल्डेगेझेट्झचं, कलम 19 काढून समोर ठेवलं. हे पत्र देणं घर देणाऱ्यावर बंधनकारक आहे, न दिल्यास दंड होऊ शकतो. घर देणारा म्हणजे मालकच असं नाही, पोटभाड्याने देणारा मूळ भाडेकरूही सही करू शकतो. आणि सही मिळत नसेल तर भाडेकरूने ताबडतोब कार्यालयाला तसं कळवायचं असतं. मी त्याच संध्याकाळी कार्यालयाला जर्मनमध्ये ईमेल केला, कलमाच्या उल्लेखासकट, आणि त्याची प्रत मूळ भाडेकरू बाईंना पाठवली. दुसऱ्या दिवशी सही केलेलं पत्र माझ्या टेबलावर होतं. परक्या देशात, परक्या भाषेत, आवाज न चढवता मी माझा हक्क मिळवला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

टर्मिनही मिळाला. सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास साइट पुन्हा पुन्हा उघडून बघा, कुणीतरी रद्द केलेल्या वेळा तेव्हा दिसतात. उशिराची तारीख मिळाली तरी बुकिंगचा ईमेल जपून ठेवा, तुम्ही वेळेत प्रयत्न केला याचा तो पुरावा. काउंटरवर काही मिनिटांत शिक्क्याचा कागद हातात पडला. त्याच आठवड्यात खात्याचा अर्ज गेला. बाहेर पडल्यावर मी आधी आईला फोन केला.

म्हणून खोलीचे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: आनमेल्डुंग होईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका. घर देणाऱ्याच्या पत्राचा फॉर्म नगरपालिकेच्या साइटवर असतो. तो छापून न्या आणि किल्ली घेतानाच सही करून घ्या.

टपालपेटीवर आपलं नाव चिकटवायला विसरू नका. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचा पिन, टॅक्स नंबर, सगळं पत्रानेच येतं. व्हिसा संपायच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज केलेला असेल तर निकाल लागेपर्यंतचं राहणं कायदेशीर असतं, तेव्हा तारीख हुकवू नका.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला 18.36 युरो. घाबरू नका, ती घरामागे एकच असते, फ्लॅटमधले सगळे मिळून वाटून घेतात. परत निघताना मात्र आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद रद्द, करून या. घर सोडायच्या आधी एक आठवड्यापासून ते सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत ती करता येते. त्याला घर देणाऱ्याची सही लागत नाही.