तांब्या भरलेलाच होता

आज वृद्धाश्रमात माझी दुपारची पाळी होती. जळगावकडचा मे म्हणजे टाकीच्या नळाचं पाणीसुद्धा चटका देतं. त्यात दोनला लाईट गेली, कूलर बंद. इन्व्हर्टरवर पंखे चालू होते, पण एवढ्या उन्हात नुसता पंखा म्हणजे भट्टीचा भाता. पंचे ओले करून सगळ्यांच्या मानेवर, हातांवर टाकले, तेव्हा कुठे त्या वाऱ्याचा उपयोग झाला.

एक आजी मात्र गप्प. एरवी त्यांची टकळी थांबत नाही. पाणी विचारलं तर म्हणे, "माले तहान नही लागनी, बेटा." उशाचा तांब्या पाहिला. सकाळी भरला तसाच, काठोकाठ. वय झालं की तहान कमी जाणवते, हे माहीत असून मी दुपारपर्यंत तांब्यात डोकावलो नाही. शिवाय त्यांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, म्हणजे अंगातलं पाणी आणखी कमी. लगेच डॉक्टरांना फोन केला. गोळीचं तेच ठरवणार, आपल्या मनाने बंद करायची नाही. ओआरएस द्या म्हणाले. एक लिटरची अख्खी पुडी मावशी एका ग्लासात ओतत होत्या, तो हात वेळेवर धरला. चमच्याचमच्याने पाजलं. अर्ध्या तासाने आजींचा आवाज आला, "खारट लागस!" हुश्श.

आश्रमातले जिभाऊ आजोबा तर मुद्दाम पाणी टाळतात, सारखं उठावं लागतं म्हणून. उद्या त्यांची खाट बाथरूमजवळ हलवतोय. कुरकुर आत्तापासूनच सुरू आहे.