तेलाच्या दाबाकडून पाण्याच्या दाबाकडे : आमची वाटचाल

उद्यमबागेतील आमचा कारखाना मुळात हायड्रॉलिक सिलिंडरचा. बेळगावात फाउंड्री आणि मशिन शॉप एकमेकांना लागून असल्याने ओतकामापासून होनिंगपर्यंत (सिलिंडरची आतली बाजू घासून गुळगुळीत करण्यापर्यंत) सारे येथेच होते, आणि २०० बार दाबाचे तेल आत कोंडून ठेवण्याचा सराव आमच्या कारागिरांना होता. त्यामुळे पाण्याखालील यंत्रमानवाच्या कवचाची पहिली चौकशी आली तेव्हा आम्ही बिचकलो नाही. दर १० मीटर खोलीला दाब साधारण १ बारने वाढतो, म्हणजे ५० मीटरवरही तो जेमतेम ५ बार. मात्र हा दाब बाहेरून येतो, आणि ओ-रिंगची (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची) खोबण त्या हिशोबाने काढावी लागते.

कवचे पुरवता पुरवता आम्ही पूर्ण यंत्र बांधू लागलो. हे यंत्र धरणाच्या पाण्याखालील भिंतीच्या तपासणीसाठी होते, कारण २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणांची पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी बंधनकारक केली होती. घटप्रभेवरील हिडकल आणि मलप्रभेवरील नविलतीर्थ तर आपल्याच जिल्ह्यात.

खरी अडचण संपर्काची निघाली. पाण्यात रेडिओलहरी फार दूर जात नाहीत, जीपीएस चालत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो खरा, पण त्यावरून मोजकीच माहिती पाठवता येते, आणि भिंतीवरून उमटणारे पडसाद तिच्यातही घोळ घालतात. म्हणून भिंतीपासून अंतर राखणे, आखलेल्या पट्ट्यांत फिरणे आणि बॅटरी उतरताच वर येणे हे यंत्राने स्वतः ठरवावे, आणि काठावरील पर्यवेक्षकाने खोली व स्थान पाहून ‘थांब’, ‘वर ये’, ‘तोच पट्टा पुन्हा घे’ एवढेच हुकूम द्यावेत, अशी वाटणी आम्ही केली.

पर्यवेक्षक म्हणून संगणक शिकलेला तरुण हवा, असे गिऱ्हाईक धरून चालते. आमचे मत उलट आहे. सोनारच्या (ध्वनीच्या पडसादांवरून चित्र काढणाऱ्या उपकरणाच्या) करड्या चित्रात बांधकामाचा सांधा आणि तडा पुष्कळदा सारखेच दिसतात. सॉफ्टवेअर दोन्हींवर खूण करते, पण निवाडा धरणावर हयात घालवलेल्या फिटरनेच करावा. अशा मंडळींसाठी पडद्यावरील सूचना आम्ही कन्नड आणि मराठीत ठेवल्या.

एका माणसाने दोन यंत्रे सांभाळावीत, अशी मागणी आता होते. उघड्या भिंतीच्या कामासाठी ती आम्ही मान्य करतो. धरणाच्या दरवाजांजवळ, जेथे गळतीची ओढ यंत्राला खेचून नेऊ शकते, तेथे एका यंत्रामागे एक माणूस आणि केबल, ही अट करारातच घालतो.