राणीच्या बागेतला फळा

भायखळ्याच्या राणीच्या बागेत रविवारी सकाळी झाडांची ओळख करून देणारी फेरी सुरू करायची असं आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलं, तेव्हा मी घरी बसून तीन पानं लिहून काढली होती. १८६२ साली बाग खुली झाली तिथपासून जिजाबाईंचं नाव दिलं गेलं तिथपर्यंत, सगळं क्रमाने. पहिल्याच फेरीत मुलांनी पेंग्विनचा हट्ट धरला आणि त्यांच्यामागोमाग आईवडीलही गेले.

मग दोन रविवार मी काहीच बोलले नाही. वही घेऊन नुसती उभी राहिले, लोक आपणहून कुठे थांबतात ते टिपत. सगळ्यात जास्त थांबत होते कैलासपतीपाशी. फांदीवर नाही, थेट खोडावर फुललेली फुलं! खाली पडलेलं फूल कुणी ओंजळीत घेई, नागाच्या फणीखालची पिंड मुलांना दाखवी, कुणी ते कपाळाला लावी.

फेरी तिथूनच सुरू केली. आधी त्यांचं ऐकायचं, मग सांगायचं की हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. माणसं एकदम गप्प होतात. इतकं आपलं वाटणारं झाड इथे आलं कसं, हा प्रश्न तेच विचारतात, आणि माझी तीन पानं तिथे कामाला येतात. पुढे आफ्रिकेतली गोरखचिंच, ब्रह्मदेशातली उर्वशी. घारापुरीचा दगडी हत्ती मात्र फेरीतून वगळावा लागला. इंग्लंडला न्यायला उचलताना तो तुटला, ही गोष्ट मला फार प्रिय, पण दीड तासात झाडंच पुरी होत नव्हती.

नावाच्या पाट्यांवरून आमच्यात खूप वाद झाला. शास्त्रीय नाव वर हवं, असं दोघांचं म्हणणं. मी हटून बसले. ‘सीताअशोक’ मोठ्या अक्षरात वाचला की रस्त्याकडेचा उंच, सरळसोट अशोक वेगळा, हे आजींनाही कळतं आणि नातवालाही. शेवटी मराठी वर, शास्त्रीय खाली.

उर्वशीच्या पाटीवर आम्ही ‘लाल झुंबरांसारखी फुलं पाहा’ असं लिहिणार होतो. माळीकाकांनी मजकूर वाचला आणि विचारलं, “ताई, पावसाळ्यात येणाऱ्याने काय पाहायचं?”

त्या पाटीऐवजी आम्ही साधा फळा घेतला. वर ‘आज काय फुललंय’ एवढंच रंगवलंय. खालचं माळीकाका सकाळी खडूने लिहितात.